किडलेल्या दातांचं निमित्त

काल कराडहून येताना गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास गाडीत शिरला. मागच्या सीटवरून माझी लेक मुक्ता म्हणाली, "आई, माझे दात किडलेत." आम्ही दोघी हसत सुटलो.

हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, तेव्हा ती सात वर्षांची होती. टाइप वन डायबेटिस कळून दोनच महिने झाले होते आणि मी तो सगळ्यांपासून लपवत होते. पोरीची जात, उद्या लग्न ठरताना अडचण नको. कुंडलजवळच्या गुऱ्हाळावर म्हाताऱ्या गुळव्यानं उसाच्या कांडीवर ऊन ऊन गूळ घेऊन तिच्यापुढं धरला. मी घाईनं म्हणाले, "नको, दात किडलेत तिचे."

शेजारी ढेपा बांधणाऱ्या बाईनं मुक्ताचा हात धरून बोटांवरचे बारीक ठिपके पाहिले. "आवं ताई, दात किडल्यावर बोटाला सुया कोण टोचतंय?"

मला मान वर करवेना. तिनं स्वतःची बोटं पुढं केली. तसेच ठिपके. "मला बी हाय. ल्हानपणापासनं."

ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यातून तिनं आपलं इन्सुलिन काढलं. तिनं आणि मुक्तानं शुगर तपासली. केवढ्या गुळाला किती इन्सुलिन, ते तिनं मला समजावलं. मुक्ताला आधी आमच्याजवळच्या इन्सुलिनची सुई, मग बोराएवढा गुळाचा खडा मिळाला. तो तिनं किती वेळ चघळला.

"आमच्या सुनंला कवाबी फोन करा," त्या बाईकडे बोट करून गुळव्या म्हणाला.

सून. घरी पोहोचता पोहोचता तो शब्द माझ्या डोक्यात शिरला.