मे महिन्यातली शेगडी

आई मार्चच्या शेवटी नागपूरहून आली तेव्हा तिच्या बॅगेत डिंक होता, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग होतं, आणि स्वेटर एकच होता. मीच तिला फोनवर सांगितलं होतं की एप्रिलमध्ये इकडे झाडांना फुलं येतात, एक स्वेटर पुरेल. अमेरिकेत नोव्हायला येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षं फुलं वेळेवर आली होती. त्या वर्षी आली नाहीत. एप्रिलच्या मध्यावर बाळ झालं. आम्ही त्याला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दिवशी पार्किंगमध्ये बर्फ लोटणारी गाडी फिरत होती. कार सीटमधल्या त्या तीन किलोच्या जिवाकडे बघून मला जी भीती वाटली, ती नंतर कितीतरी महिने गेली नाही.

पहिल्या मुलाच्या वेळी सगळ्याच घाबरतात म्हणतात. मी जरा जास्तच घाबरले. बाळाचे तळपाय गार लागले की मी ते हातांत धरून चोळत बसायची. दर अर्ध्या तासाने मी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का ते बघायची. नवरा हसायचा. मग मी भांडायची, आणि तो 'सॉरी यार' म्हणून गाड्यांच्या कंपनीतल्या त्याच्या नोकरीवर निघून जायचा.

त्या महिन्यात थंडीशिवाय कुणी दुसरं काही बोलतच नव्हतं. बाळाचे डॉक्टर आधी हवेबद्दल बोलायचे, मग बाळाबद्दल. पोस्टमन बोलायचा. आणि समोरच्या दारातली म्हातारी तर रोज बोलायची. ती आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली, एकटी राहणारी गोरी बाई. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी येणं शक्यच नव्हतं, पण जिन्याच्या तोंडाशी दोघींचा रोजचा संवाद ठरलेला होता. ती दंड चोळत म्हणायची, "कोल्ड." आई पदर ओढून घेत म्हणायची, "व्हेरी कोल्ड." मग दोघी आभाळाकडे बघून मान हलवायच्या. तेवढ्यावर त्यांची मैत्री झाली होती. मला त्याचा थोडा रागच यायचा, कारण तेवढा वेळ दार उघडं राहायचं आणि गार वारं थेट बाळाच्या खोलीत यायचं.

मे लागला आणि आमच्या कॉम्प्लेक्सने हीटिंग बंद केलं. ते घराघरात वेगळं नव्हतं. तळघरातल्या बॉयलरवरून अख्ख्या बिल्डिंगला यायचं आणि ऑफिसवाले ते आपल्या ठरलेल्या तारखेला चालू-बंद करायचे. मी फोन केला. घरात तीन आठवड्यांचं बाळ आहे, म्हटलं. तिकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, हो ना, कसला विचित्र स्प्रिंग आहे यंदा, माझ्या घरीही मी दोन ब्लँकेटं घेऊन झोपते, पण पुढच्या आठवड्यात गरम होणार आहे म्हणतात. बॉयलरचं काय ते बोललीच नाही. नवरा हीटर आणायला तीन दुकानं फिरला. दुकानांतून हीटर गेले होते आणि पंखे येऊन बसले होते.

"कुठेच नाहीये," तो म्हणाला. "ऑनलाइन ऑर्डर केलाय, पण फोर-फाइव्ह डेज लागतील."

"पाच दिवस हे लेकरू काय करेल?" आईने विचारलं.

आईकडे उपाय होता. बाळ-बाळंतिणीला आंघोळीनंतर धुरी द्यायची म्हणून तिने जावयाकडून बार्बेक्यूच्या कोळशांची थैली आधीच आणवून घेतली होती. माझी जुनी लोखंडी कढई तिची शेगडी झाली होती. बाल्कनीत कापराने कोळसे पेटवायचे, चांगले फुलले की कढई दोन चिमट्यांनी धरून आत आणायची, वर ओवा-शेपा टाकायचा, दहा मिनिटं बाळाला आणि मला त्या धुरात बसवायचं, आणि लगेच कढई परत बाल्कनीत. पहिल्याच दिवशी छतावरचा स्मोक अलार्म एवढा ओरडला की बाळ दचकून निळं व्हायची वेळ आली. नवऱ्याने स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढून टाकली. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत फोडणीपायी ती काढलेलीच होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

हीटर यायच्या आधीच एका सकाळी उठले तर खिडकीबाहेर बर्फ पडत होता. मे महिन्यात. आईने खिडक्यांच्या फटींत जुने टॉवेल कोंबले आणि बाल्कनीच्या दारापाशी गादीची गुंडाळी लावली. नवरा ऑफिसला गेला होता. बाळाची आंघोळ झाली, धुरी झाली, आणि आई नेहमीप्रमाणे कढई उचलायला वाकली.

मी म्हटलं, "आई, राहू दे ना ती इथेच."

"धुरी झाल्यावर बाहेर ठेवतात बाई."

"धूर कुठे आहे आता? निखारेच आहेत. किती छान ऊब येतेय. बाळाचे पाय पहिल्यांदा गरम लागतायत बघ."

तिने बाळाच्या पायांना हात लावून बघितला. मग कढई पलंगापासून जरा लांब, कोपऱ्यात सरकवली. मी म्हटलं, अजून थोडे कोळसे टाक. तिने टाकले.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते. मी केमिकल इंजिनिअर आहे. बंद खोलीत कोळसा जळतो तेव्हा कोणता विषारी वायू तयार होतो, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि त्याचं उत्तर मी बरोबर लिहिलं होतं. आईच्या माहेरी शेगडी घरातच असायची, पण त्या घराला कौलं होती आणि कौलांतून आभाळ दिसायचं. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत माहीत होत्या आणि उपयोग शून्य झाला.

ऊब आली. खूप दिवसांनी मी अंग आखडून न घेता झोपले. डोकं दुखत होतं, पण त्या दिवसांत ते रोजच दुखायचं. बाळ दूध न पिताच शेजारी झोपून गेलं आणि मला वाटलं, चला, एकदाचं शांत झोपलं. आई खुर्चीत बसून पेंगत होती.

अकराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. आई उठली, जाताना भिंतीला धरून गेली. दार उघडल्याचं मला ऐकू आलं, आणि समोरच्या म्हातारीचा आवाज. कुंड्या आत घ्या, सगळं गारठून मरेल, असं काहीतरी ती सांगत होती. आईने जिन्यात एका ट्रेमध्ये मेथी पेरली होती, त्याबद्दल असणार. मग नेहमीचं सुरू झालं. कोल्ड. व्हेरी कोल्ड. त्यांचं संपेचना. वारं सरळ माझ्या तोंडावर यायला लागलं आणि माझं टाळकं सटकलं. आईला ओरडून सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर आवाज निघेना. उठायला गेले, तर गुडघे वाकले आणि मी पलंगाच्या कडेला खाली बसले. ओकारी आली.

मी बाळाकडे बघितलं. त्याचे गाल कधी नव्हे एवढे लाल होते. मी त्याचा पाय दाबला. पाय गरम होता. मी टाचेला चिमटा काढला. ते रडलं नाही. त्याला उचललं तर मान मागे गेली आणि हात दोन्हीकडे लोंबले.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. म्हातारी आत आली. कोपऱ्यातली कढई तिला दिसली, आणि त्या बाईने, जिला दोन जिने चढताना धाप लागायची, माझ्या हातातून बाळ घेतलं, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि आम्हाला ओढत बाहेर काढलं. जिना उतरून थेट बर्फात. बाळाच्या अंगात एक पातळ झबलं आणि भोवती सुटलेलं दुपटं होतं.

आई मागून धावत आली. तिला कळतच नव्हतं की ही बाई आपलं बाळ घेऊन बर्फात का चालली आहे. ती बाळाचं दुपटं धरून आत ओढायला लागली. "मारून टाकते का लेकराला! वारं लागून राहिलं त्याला!" म्हातारी तिला एका हाताने मागे लोटत होती आणि इंग्रजीत ओरडत होती, आत नाही, आत नाही. मी दोघींच्या मध्ये उभी होते. मला दोघींचं कळत होतं. आईचा पदर ओढून तिला थांबवलं पाहिजे हेही कळत होतं, आणि तरी काही क्षण मला आईच बरोबर वाटत होती, कारण बर्फ बाळाच्या कपाळावर पडत होता. तेवढे क्षण मी काहीच केलं नाही.

मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, चिरका आवाज काढला. आईने दुपटं सोडलं.

अँब्युलन्स आली. पुढचा सगळा दिवस हॉस्पिटलात गेला. आम्हा तिघांना ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं. बाळाचा मास्क त्याच्या तोंडापेक्षा मोठा होता. संध्याकाळपर्यंत ते दूध प्यायला लागलं, आणि डॉक्टर म्हणाले की अजून अर्धा तास गेला असता तर त्यांना हे सांगता आलं नसतं. नवरा ऑफिसातून येऊन भिंतीला टेकून उभा होता.

मग गळ्यात कार्ड अडकवलेली, मुलांच्या सुरक्षेचं काम बघणारी एक बाई फाइल घेऊन आली. तिने नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याशी अगदी मऊ आवाजात बोलायला लागली. कोळसे कुणी पेटवले? ते खोलीत कुणी ठेवले? अलार्म का वाजला नाही? आमच्या लोकांच्या जेवणांमधून मी ऐकलं होतं की इथे आईबापांनी हयगय केली तर सरकार मुलं काढून घेतं. कुणाच्या तरी मुलाला चटका बसला होता, कुणीतरी विचारायला आलं होतं, अशा गोष्टी. खऱ्या किती, खोट्या किती, देव जाणे. त्या क्षणी मला सगळ्या खऱ्या वाटल्या. मला एवढंच दिसत होतं की ही बाई आता बाळाला उचलून नेणार.

धूर आणि वायू दोन्हींना वाजणाऱ्या त्या अलार्मची बॅटरी नवऱ्याने काढली, ते मी सांगून टाकलं. मग म्हटलं, "कोळसे माझ्या आईने ठेवले. ती इंडियाहून आलीये. तिला इथलं माहीत नाही. मी झोपले होते." आणि पलीकडच्या पलंगावर नाकात नळी घालून बसलेल्या आईकडे मी बोट केलं.

आई आमच्याकडेच बघत होती.

बाईने लिहून घेतलं. तिने बाळाच्या कपाळावरून हात फिरवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन फोन नंबर दिले आणि कुणालाच घेऊन न जाता निघून गेली. पुढे एकदा घर बघायला कुणीतरी आलं, तेवढंच.

ती गेल्यावर आईने विचारलं, "काय विचारत होती ती?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "थंडीबद्दल बोलत होती. यंदा फारच थंडी आहे म्हणे."

आईने पदर ओढून घेतला. "हो," ती म्हणाली. "आहेच थंडी."

घरी आल्यावर तिने बाबांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. ती म्हणाली, "माझ्याच हातनं चूक झाली. मीच ठेवली शेगडी." तिकडून बाबा बरंच बोलले असावेत, कारण ती नुसती हो, हो म्हणत होती. मी बाहेर येऊन फोन घेऊ शकले असते. कढई राहू दे असं मी म्हटलं, अजून कोळसे टाक असंही मीच म्हटलं, एवढी दोन वाक्यं होती. मी नळ सोडून भांडी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले असताना बाळ रडायला लागलं. आई घरात आहे म्हणून मी घाई केली नाही. रडणं थांबेना. तशीच ओल्या केसांनी बाहेर आले, तर आई पाळण्याजवळ उभी होती. दोन्ही हात पदराखाली. बाळ रडून रडून लाल झालं होतं आणि ती त्याच्याकडे बघत नुसती उभी होती.

"अगं, घेतलं का नाहीस?"

"तू दे," ती म्हणाली. "तू दिलं की घेते."

मी बाळाला उचलून तिच्या हातात दिलं. ते लगेच गप्प झालं. सप्टेंबरमध्ये ती परत जाईपर्यंत ती रोज अशीच पाळण्याशेजारी उभी राहायची, बाळ कितीही रडलं तरी, मी येऊन तिच्या हातात देईपर्यंत.