वरच्या टेबलावर पाणी नव्हतं

गजूला सत्काराने मारलं.

आज वर्ष झालं. वर्षभर लोक मला "ऊन लागलं बिचाऱ्याला" असं सांगतायत आणि मी ऐकून घेतेय. आता बास.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. गजू देऊळघाटचा. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. हाताला कायम वार्निशचा वास. आणि पळायचं भयंकर वेड.

शाळेच्या मैदानातून निघायचं, नाला ओलांडायचा, सागाच्या जंगलातून उभा चढ, वर पठार, मग कड्याच्या काठाकाठाने वळसा घालून दुसऱ्या बाजूने घसरत परत मैदानात. ही वाट त्याने एकट्याने हिंडून शोधली. आम्ही तिला 'गजूचा फेरा' म्हणतो.

चढ असा की जीव नको होतो. पण वर पोचलं की धामणगाव बढ्याकडची सगळी शेतं एकदम पायाखाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पळायचंच विसरले होते.

त्याआधी अर्ध्या चढावर बसकणही मारली होती. बँकेच्या खुर्चीत बसून वाढवलेलं वजन, दुसरं काय होणार!

"काऊन बसल्या, मॅडम?"

"दम लागला, गजूभाऊ."

"लागू द्या ना मंग. डोंगर काई पळून नाही जाऊन राह्यला. पळाचं तं आपल्याले हाय."

सगळ्यांशी असाच हसत बोलायचा. नियम मात्र एकच, आणि कडक. ऊन चढायच्या आत खाली. उशिरा आलेल्याला सरळ घरी पाठवायचा. एकदा एका बड्या डॉक्टरांना पाठवलं.

"उद्या या, साहेब. ऊन काई तुमची डिग्री नाही पाहत."

मग काही हौशी मंडळींनी या फेऱ्याची स्पर्धा घ्यायची ठरवली. टी-शर्ट, मेडल, भला मोठा बॅनर. नुकतीच होळी झालेली. सुरुवात सकाळी सहाला.

सहाला आम्ही सगळे रेषेवर उभे. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही.

मग फोन आला, साहेब निघाले.

मग फोन आला, साहेब वाटेत नाश्त्याला थांबले.

ऊन वर येत होतं. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की साहेब येतील आणि समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बरं दिसत नाही.

म्हणून पठारावर पाणी घेऊन निघालेली जीप अर्ध्या वाटेतून परत बोलावली. पाण्याचे जार उतरवून मंडपाच्या सावलीत ठेवले. पाणी वाटणारे सगळे स्वयंसेवक खुर्च्यांवर बसवले. टाळ्या वाजवायला! हे आम्हाला नंतर कळलं.

मग साहेब आले. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. भाषण झालं, त्यात तरुणांनी आरोग्य कसं सांभाळावं ते सांगून झालं. मार्गदर्शक म्हणून गजूलाही स्टेजवर ओढलं. फेटा, शाल, श्रीफळ.

तो खाली आला तसं मी त्याला अडवलं. "गजूभाऊ, फार उशीर झालाय. तुम्हीच सांगा, आज रद्द करा म्हणून."

"पाव्हणे आलेत, मॅडम. आता कसं नाही म्हणाव?"

डॉक्टरला घरी पाठवणारा माणूस! या एका वाक्यासाठी मला त्याचाही राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरते.

हातातला नारळ त्याने माझ्या गाडीच्या डिकीत टाकला. "आल्यावर फोडू," म्हणाला.

झेंडी दाखवली तेव्हा मैदानातली माती पोळत होती.

गजू सगळ्यांच्या मागे, कोणी सुटू नये म्हणून. मी हळू पळते, त्यामुळे त्याच्यासोबतच होते.

पठारावर आदल्या दिवशी मांडलेलं टेबल होतं.

टेबलावर ग्लासांची चळत होती. टेबलाला साहेबांच्या फोटोचा बॅनर होता.

पाणी नव्हतं.

एक कॉलेजची मुलगी चक्कर येऊन टेबलाखालच्या सावलीत पडली होती. गजूने आपली बाटली तिच्या तोंडाला लावली. उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.

"मॅडम, हिले घेऊन उतरा. पुढं कड्याकडं अजून दोघं हायेत, त्याईले घेऊन येतो."

ते दोघं आले. गजूला उचलून आले.

तोपर्यंत साहेबांची गाडी निघून गेली होती. जार मंडपाच्या सावलीत तसेच होते. सीलसुद्धा उघडलं नव्हतं.

काल ग्रुपवर नवा बॅनर आला. गजूच्या स्मृतीप्रीत्यर्थ भव्य दौड, येत्या रविवारी. साहेबांचा फोटो ताटाएवढा. गजू खाली कोपऱ्यात, त्याच फेट्यातला.

मी आयोजकांना फोन लावला.

"सुरुवात किती वाजता?"

"साहेबाईचं कन्फर्म झालं की टाइम टाकतो, मॅडम."

"आणि वर पाणी?"

"होऊन जाईन ना हो! तुमी काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या?"

मी फोन ठेवला.

तो नारळ वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात आहे. हलवला की आत सुकं खोबरं वाजतं. काल संध्याकाळी तो घेऊन सुनीतावहिनींकडे गेले. गजूच्या बायकोकडे. म्हटलं, याचं काय करू?

त्यांनी नारळ हातात घेतला, हलवून पाहिला आणि मला परत दिला.

"फोडू म्हणले होते ना ते? मंग फोडा. पण वर नेऊन फोडा. त्या स्टेजवर नोका फोडू."

तर रविवारी आम्ही आमचे आमचे पळणार आहोत. उजाडताच. माइक नाही, खुर्च्या नाहीत, झेंडी नाही. ज्यांना यायचं त्यांनी या. उशिरा आलात तर मी घरी पाठवीन, मग तुम्ही कोणीही असा.

जार शनिवारीच वर चढवतेय. मी स्वतः.

येते, गजूभाऊ. नारळ घेऊन येते. या वेळी पाणी आपल्या आधी वर पोचलेलं असेल.