शेराचे गडू

किन्हीराजात कुणाच्याही वावरात रोडगे-वांग्याची पंगत असो, सुपारी आधी प्रयागबाईच्या उंबऱ्यावर यायची. सुपारी ठेवली की त्या दिवसाची चूल तिची. तिच्यासारखा हात आसपासच्या गावांत नव्हता, आणि हे कुणी सांगायची वाट ती बघत नसे, स्वतःच सांगायची. यजमानानं विचारलं, "सांबार किती आनू?" की म्हणायची, "टोपलंभर." आता जवळच्या मालेगावच्या बाजारात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मिळायची तागडीवर, आणि कुणाच्या घरचं टोपलं केवढं हे देवालाच ठाऊक. कधी सांबार उरून गुरांपुढं पडायचा, कधी ऐन वेळी कुणाच्या तरी वाफ्याकडं पळावं लागायचं. पण प्रयागबाईला बोलणार कोण?

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि रुख्मिणी घरात आली. वाशीमला तिच्या बापाचं भाजीचं दुकान होतं. पोरगी तागडीजवळच वाढलेली.

त्या हिवाळ्यात गावातला मोठा शेतकरी इंद्रभान सुपारी घेऊन आला. सांबाराचं विचारलं. प्रयागबाई तोंड उघडणार, तोच रुख्मिणी आतून बाहेर येत बोलली, "भाऊजी, शेरभर सांबार निवडून चिरला का सा गडू भरते. भाजीले सा, वरनाले सा. दोन शेर आना."

"हे बेस झालं," इंद्रभान म्हणाला. "आता मले बाजारात सांगता तरी येईन." आणि त्यानं सुपारी उंबऱ्यावर न ठेवता दोघींच्या मधोमध ठेवली.

प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची आलेली ही, आणि हिचा गडू आपल्या टोपल्याला भारी? पंगतीच्या दिवसापर्यंत तिला अन्न गोड लागलं नाही.

वावरात चुलीवरच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वांग्याची भाजी उकळत होती. रुख्मिणीनं सगळा सांबार चिरून परातीत ठेवला, गडू जावेच्या हाती दिला आणि म्हणाली, "बाई, मी रोडगे पाह्यतो. तुमी भाजीत सा गडू टाकजा."

ती पाठमोरी झाली तशी प्रयागबाईनं गडू भरला, वरून मुठीनं दाबला, पुन्हा भरला, पुन्हा दाबला. असे सहा. वांग्यात सांबार जास्त झाला की भाजी हिरवट लागते, लोक चारा म्हणून नाव ठेवतात, हे तिला पक्कं माहीत होतं. ठेवू देत नाव. रुख्मिणीच्या मापाला ठेवतील.

पंगत बसली. इंद्रभाननं भाजी दोनदा मागितली, मग तिसऱ्यांदा. "वयनी, आजवर अशी भाजी खाल्ली नाही," तो म्हणाला. "धाकलीच्या मापात दम हाय."

प्रयागबाईनं गुपचूप बोटभर चाखली. खरंच चांगली होती. तिच्या नेहमीच्या भाजीहून चांगली. म्हणजे इतकी वर्षं आपणच सांबार कमी घालत आलो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेही हिच्यामुळं. तिला रडू आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर घातलं.

रुख्मिणी वरणासाठी सांबार घ्यायला आली. परातीत चार चिमटी उरला होता. तिनं परात बघितली, मग जावेचा हिरवा झालेला तळवा बघितला. उरला तेवढाच वरणात टाकला.

पुढच्या पंगतीला इंद्रभान पुन्हा दारात आला. या खेपेला सुपारी सरळ रुख्मिणीसमोर ठेवली. "तोच इशेब ना?"

"नाही भाऊजी," रुख्मिणी म्हणाली. "आता शेराचे तीनच गडू. दाबून भरा लागते. हे मले बाईनंच शिकोलं."

"असं काय?" इंद्रभान हसला. "मंग दोघी या."

तो गेल्यावर रुख्मिणीनं अडकित्त्यानं सुपारी फोडली आणि अर्धं खांड जावेच्या हातावर ठेवलं. प्रयागबाईनं ते तोंडात टाकलं. गिळवेना, आणि तिच्यादेखत थुंकताही येईना.