वहिनीचा निगेटिव्ह रिपोर्ट

मी नणंद आहे, तेव्हा वहिनीबद्दल जे सांगेन त्यातलं थोडं वजा करूनच ऐका. पण एक गोष्ट तिचा शत्रूही कबूल करेल. रक्त काढण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. शिरा सापडत नाहीत अशी म्हातारी माणसं लॅबमध्ये आली की तिलाच शोधतात. सुई कधी आत गेली नि कधी बाहेर आली, ते कळतही नाही.

लॅब म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या. पुढे काउंटर, मागे यंत्रं आणि फ्रिज. वस्तीला लागूनच रान असल्यामुळे गोचीड चावलेली माणसं तिथे बरीच येतात आणि वहिनी प्रत्येकाला तेच सांगते. गोचिडीतून होणाऱ्या आजाराची ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं ते शोधते, आणि ते तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणून आजचा निगेटिव्ह आजच्यापुरता. अंगावर चट्टा असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा येऊन रक्त द्या. हे ती झोपेतही बोलेल, असं दादा म्हणतो.

घरात मात्र ती न्यायाधीश. आईची साखर, दादाचं कोलेस्टेरॉल, माझं हिमोग्लोबिन, सगळ्यांचे निकाल जेवणाच्या टेबलावर लागतात. 'मला नाही सांगता येणार' हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते आम्हाला ऐकायचंही नव्हतं. फुकटचा आणि वर ठाम सल्ला कोणाला नको असतो?

माझा धाकटा भाऊ रानाकडेच्या रस्त्यांवरची झुडपं छाटायच्या कामावर आहे. शाळा चुकवायला त्याने पोटदुखीची इतकी सोंगं केली होती की घरात त्याच्या दुखण्याला किंमतच उरली नव्हती. लांडगा आला रे आला, दुसरं काय. त्यामुळे तो ताप घेऊन घरी आला तेव्हा आईने आधी आज कुठला वार आहे ते पाहिलं. पण कपाळ खरंच तापलं होतं, मांडीवर मोठा लाल चट्टा होता, आणि गुडघ्यामागची गोचीड काही दिवसांपूर्वीच उपटून टाकल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं. वहिनीने स्वयंपाकघरातच त्याचं रक्त काढलं आणि कामाला जाताना सोबत नेलं. दुसऱ्या दिवशी जेवताना निकाल लागला.

"रक्तात काही नाही," ती म्हणाली. "भाऊजींना कामाचाच ताप आलाय."

सगळे हसले. तोही हसला. पुढचं जे ती परक्या माणसाला न चुकता सांगते, ते काही तिने सांगितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच टेबलाखाली होता.

ताप अंगावर काढतच तो कामाला गेला. मधे एकदोनदा गुडघे ठणकतात म्हणाला, तेव्हा दादाने त्याला रिपोर्टची आठवण करून दिली. मग त्याने सांगणंच सोडलं. चट्टा आपोआप फिका झाला, आणि आम्हीही ते विसरून गेलो.

एका सकाळी चूळ भरताना त्याच्या तोंडातलं पाणी एका बाजूने गळायला लागलं. अर्धा चेहरा खाली ओघळला होता आणि एक डोळा काही केल्या मिटत नव्हता. वहिनीने ते बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. तिला काही विचारावं लागलं नाही. चेहरा त्याचा वाकडा झाला होता, पण पांढरी फटक ती पडली होती.

आम्ही दोघी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वहिनीला चांगल्या ओळखतात. त्यांनी चट्टा कधी आला, तपासणी कधी केली, सगळं विचारलं आणि गोचिडीचाच आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेलेला दिसतोय, इतक्या लवकर केलेली तपासणी न केल्यासारखीच, असं स्पष्ट सांगितलं. नुसता चट्टा बघूनही तेव्हाच औषध सुरू करता आलं असतं. मग त्या म्हणाल्या, "निगेटिव्ह आहे म्हणजे काही नाही, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही," धाकटा अर्ध्या तोंडाने म्हणाला. "मीच आलो नाही. जरा आळशी आहे मी."

त्याने तिला पाठीशी घातलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वहिनीला झालं असणार. ती पर्सचा पट्टा पिळत उभी होती. मी तिच्याकडे रागाने बघत होते, आणि त्या टेबलावर मीही हसले होते हे आठवून माझीच नजर खाली जात होती. डॉक्टरीणबाई औषध लिहायला लागल्या तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं.

"काही नाही असं मीच सांगितलं," ती म्हणाली. "रोज सगळ्यांना जे बजावते तेच यांना सांगितलं नाही. घरात 'नक्की माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. चेहरा बहुतेक सुधारेल, काही महिने लागतील, आणि गुडघ्यांचं आत्ताच काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. रक्त पुन्हा द्यायचं होतं. वहिनीने सुई हातात घेतली, परत ठेवली, आणि लॅबमधल्या दुसऱ्या बाईंना बोलावलं.

या वेळी निकाल पॉझिटिव्ह आला. तो तिने टेबलावर सांगितला नाही. धाकट्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. रिपोर्टमध्ये आजार आलाय, औषध चालू आहे तेच पुढे चालू ठेवायचं, एवढं सांगून ती म्हणाली, "चुकलं माझं, भाऊजी."

तो न मिटणाऱ्या डोळ्यावर पट्टी लावून पडला होता. तिच्याकडे मान वळवून त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला लगेच कळलं असतं. तसं काही नव्हतं, त्याला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणजे वहिनी, तेव्हा मी सोंग करत नव्हतो ना?"