कडक पुठ्ठ्याचं पुस्तक

नव्या पुस्तकाच्या खळीचा वास आला की मला नायगावच्या घराचा ओटा आठवतो. कॅसेटी ऐकून मी आपला आपण बास गिटार शिकलो होतो. नोटेशन वाचता यावं म्हणून दुकानात दोन पुस्तकं चाळली, एक पातळ, फक्त बासचं, आणि एक जाड, कडक पुठ्ठ्याचं. जाडात जास्त असेल म्हणून तेच आणलं. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या बाबांनी ते हातात तोलून पाहिलं. "आपन कानानं वाजवतो, कागद बघून नाय," म्हणाले आणि पुस्तकाची कड माझ्या उजव्या कानावर हाणली. मी पडलो तरी हाणत राहिले. रक्त ओट्यावरच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीत ठिबकलं. त्या कानाने मला आज काही ऐकू येत नाही. मी कागद बघूनच वाजवतो.