सुनेचं जेन्ट्स घड्याळ

माझी सून अक्षदा पोलादपूरच्या शाळेत खेळ शिकवते. दोन हजार चार साली तिनं ठरवलं, कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकायचं. म्हणजे ती मोठी छत्री बांधून डोंगरावरून उडायचं! दाखला मिळाला की शाळेतल्या पोरांची शिबिरं घेणार, दासगावला सावित्री नदीत होड्या चालवणार. भावकी कुजबुजली, "बनुबाई, सून हातची गेली तुझी." मी म्हटलं, गेली तर शिकायला गेली, तुमच्यासारखी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुना मोजत नाय.

कामशेतचे सर म्हणाले होते, घड्याळ पायजेच. वारा फिरायची वेळ ठरलेली, त्याच्या आत जी खाली आली नाय, तिला दाखला नाय. आम्ही दोघी महाडच्या बाजारात गेलो. दुकानदारानं सोनेरी, नखाएवढी लेडीज घड्याळं मांडली. अगो, त्यातले काटे मला बसल्या जागी दिसेनात, हिला वाऱ्यात काय दिसणार? अक्षदानं रबरी पट्ट्याचं, ठसठशीत आकड्यांचं काळं घड्याळ उचललं. सोनेरीपेक्षा स्वस्तच होतं.

"वहिनी, ते जेन्ट्स आहे," दुकानदार म्हणाला.

"पाण्यात चालंल का, तेवढं सांग," मी म्हटलं.

"हे पावसापुरतं. पोहायला, होडीला हे शेजारचं घ्या. मागं शंभर मीटर लिहिलंय बघा."

ते घेतलं, पण पट्टा बसेना. मनगटभर हिरवा चुडा. काचेवर काच आपटून फुटली म्हणजे? अक्षदानं घड्याळ खाली ठेवलं. "ऱ्हाऊ दे आई, लोक काय म्हणतील?"

मला असा राग आला! "आण हात इकडं." डाव्या हातातल्या बांगड्या मी एकेक करून उतरवल्या, उजव्यात चढवल्या आणि घड्याळ बांधलं. घरी आल्यावर शेजारची शकू म्हणाली, "सवाष्णीचा हात उघडा?" मी म्हटलं, "उघडा कुठं हाय? घड्याळ दिसत नाय तुला?"

शेवटच्या परीक्षेला मीही कामशेतला गेले. पोर कड्यावरून धावली नि उचललीच गेली. दोन्ही हात कानाशी, दोऱ्या धरलेल्या. एकदा मनगटाकडं बघितलंन् आणि वळली. वारा फिरायच्या आत खाली आखलेल्या चुन्याच्या गोलात दोन्ही पायांवर उतरली!

सर धावत आले. "पास! आई, मुलगी तुमची?"

मी सून म्हणणार, तेवढ्यात अक्षदाच धापा टाकत बोलली, "हो सर, यांचीच."

मी काय मग दुरुस्ती केली नाय.