भिंतभर टाकीचा खडक

हेमराज कोसाडला माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. सचिन गावातल्या डाइंग मिलमधून सुटल्यापासून तो माशांच्या टाक्यांसाठी फोमचे खडक बनवतो. जाड फोम तापलेल्या सुरीने कोरायचा, त्यावर सिमेंटचे पातळ हात द्यायचे, मग रंग. टाकीच्या मागच्या काचेला तो चिकटवला की मासे नदीकाठी फिरतायत असं वाटतं. घाई केली तर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. म्हणून खडक आधी गच्चीवरच्या हौदात बुडवायचा. फोम तरंगून वर येतो, म्हणून त्यावर दगड ठेवायचे. बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मी लूमखात्यात कापड विणत आलो, पण इतकं जपून काम करणारे तिथेही थोडे पाहिले.

त्याच्या मुलाने, गजेंद्रने, इच्छापोरला फ्लॅट घेतला. हॉलमध्ये भिंतभर टाकी बसवली. हेमराजने स्वतःहून खडक करायला घेतला. बायको गेल्यापासून त्याच्याकडे कोणी येत नाही. टाकी साफ करायच्या निमित्ताने दर रविवारी मुलाकडे जाता येईल, असं तो मला म्हणाला होता.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी गजेंद्र टेम्पो घेऊन आला. हेमराजने हौदात हात घालून बोटं चोळली.

"आजून बुळबुळीत से. आठ दिस थांब."

"पप्पा, पाहुणे उद्या येणार. चालशे."

"माले चालस. मासासले नई चालत."

"उद्या मासे कोण बघतंय? सगळे टाकी बघतात."

टेम्पो रिकामा गेला.

पूजेला हेमराज गेला. टाकीमागे निळ्या समुद्राचा छापील कागद लावलेला होता. सूनबाई हर्षदा म्हणाली, "बाबा, हाच बरा. साफसफाईला माणूस पण येणार आहे." हेमराज प्रसाद घेऊन बसने परत आला.

तरी पाणी तो बदलत राहिला. खडक तयार झाला, पण विकायचा तर एवढी लांब टाकी दुकानात एकही नव्हती. त्याचे दोन तुकडे करायला त्याने मधोमध खूण केली आणि मला हाक मारली.

"आप्पा, ते टोक धर. हालू देऊ नको."

करवत सरळ गेली. कडांना पांढरा फोम उघडा पडला. तिथे नवं सिमेंट लागणार, म्हणजे दोन्ही तुकडे पुन्हा हौदात.

"आज राहू दे," मी म्हणालो. "रविवार आहे."

"मंग जाऊ कोठे?" असं म्हणून त्याने घमेल्यात सिमेंट ओतलं.